पानगळीचा फोटो फेब्रुवारीत छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबरच्या आपल्या अंकात पहिल्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक रंगीत फोटो होता. लाकडी बाक, बाकावर लोकरी टोपी घातलेली मुलगी आणि चोहीकडे लाल-पिवळ्या पानांचा सडा. वर मथळा : 'उन्हाळा सरला, पानगळ आली'. खाली दोन ओळी, की आज दिवस-रात्र समान, आजपासून शरद ऋतू सुरू. तो अंक मी विक्रोळी स्टेशनच्या जिन्याखाली उभी राहून वाचला, कारण बाहेर पाऊस होता आणि माझ्या छत्रीची एक काडी मोडली होती. माझ्या खांद्यावरून वाचणारा एक भाजीवाला म्हणाला, "मावशी, उन्हाळा सरला म्हणतात, चला घरी." आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी ओढून तो पावसात पळाला.

तेव्हाच पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पेपरात काही ना काही येतच असतं, किती मनावर घ्यायचं. पण तो फोटो पुढं दोन आठवड्यांनी माझ्या घरात शिरला, म्हणून लिहायला बसले.

मी कोण ते आधी सांगते. मी मुंबईचा रस्ता ३१ वर्षं झाडला. मालक गेल्यावर त्यांच्या जागी लागले तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. आता त्याची पोरगी चौथीत आहे. माझं बीट बहुतेक वर्षं दादर आणि माटुंग्याच्या मधलं, फाइव्ह गार्डनच्या आसपासचं. मुंबईत सावली मोजून वाटली असती तर त्या भागाला दहा जणांची मिळाली असं म्हणता येईल, एवढी तिथं झाडं. राहणाऱ्यांना त्याचं कौतुक, झाडणारीला विचारा! तेव्हा पान कधी गळतं, किती गळतं आणि भिजल्यावर किती जड होतं, या बाबतीत तरी माझा शब्द कोणी खाली पाडू नये.

आता मथळ्याचं. उन्हाळा सरला म्हणे. आमचा उन्हाळा सरतो जूनमध्ये, आमच्या हजेरीच्या चौकीच्या पत्र्यावर पहिला पाऊस वाजतो त्या दिवशी. हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईत ती तारीख ११ जूनच्या आसपास धरतात. मग पुढचे साडेतीन-चार महिने जो कोसळतो तो कोण? ज्या देशातून तुमचा फोटो आला तिकडं उन्हाळ्याच्या पाठोपाठ पानगळ येत असेल. आपल्याकडं त्या दोघांच्या मधे एक अख्खा पावसाळा उभा आहे, आणि मथळा लिहिणाऱ्याला तो खिडकीतून दिसला नाही. बरं, २३ सप्टेंबरला तो गेलेलाही नसतो. राजस्थानच्या पश्चिम टोकाहून तो परत फिरायला लागतो तोच १७ सप्टेंबरच्या सुमारास. मुंबईतून त्याच्या निघण्याची तारीख आधी २९ सप्टेंबर धरत, २०२० साली ती ८ ऑक्टोबर केली. ही बातमी तुमच्यासारख्याच एका पेपरात आली होती. मी ती कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवली होती, कारण गमबूट आणि रेनकोट माळ्यावर कधी टाकायचे, हा आमच्या धंद्यातला मोठा प्रश्न. घाई केली की हत्ती हटकून गाठतो. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस. माझी आई त्याला हत्तीच म्हणायची. सप्टेंबरच्या शेवटाला लागतो आणि जाता जाता सोंडेनं ओतून जातो.

'दिवस-रात्र समान' हेही जरा तपासून घ्या. त्याच अंकात आत बारीक अक्षरात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा होत्या. नातीनं वजाबाकी केली, दिवस बारा तासांहून सहा-सात मिनिटं मोठा निघाला. सूर्याची वरची कड दिसली की उगवला आणि तीच कड बुडाली की मावळला असं धरतात, शिवाय हवेमुळं तो क्षितिजाखाली असतानाही दिसतो, म्हणून ही जास्तीची मिनिटं. खरी बरोबरी मुंबईत आणखी काही दिवसांनी होते. पण एवढं काही मी मनावर घेत नाही. पानांचं मात्र घेते.

रस्ता झाडणारीचं पंचांग रस्त्यावर पडलेलं असतं. मे-जूनला जांभळं. त्यांचा डाग डांबरावरून पाऊस धुतो, खराट्यानं जात नाही. पावसात मोडलेल्या फांद्या आणि हिरवी पानं. ती डांबराला अशी चिकटतात की हिराच्या खराट्यानं आडवं-उभं दोनदा ओढावं लागतं, आणि एखादं चुकून राहिलं तर तेच गटाराच्या जाळीवर जाऊन बसतं. भाद्रपदात गणपतीचं निर्माल्य. दिवाळीत फटाक्यांचा लाल कागद. थंडीत झाडाचं फार काही नसतं, त्या दिवसांत माणसांचा कचरा जास्त. आणि मग माघ-फाल्गुन.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर, हे दिवस आम्हा बायकांत कोणी रजा मागितली तर मुकादम हात जोडायचा. पिंपळ सुटतो. वड सुटतो. बदाम तर जानेवारीपासूनच लाल व्हायला लागलेला असतो. त्याचं पान एवढं मोठं की चार पानांत पाटी भरल्यासारखी दिसते. मुंबईत लाल होऊन गळणारं पान बघायचं असेल तर ते हे, आपलं बदामाचं. गुलमोहर नुसत्या शेंगा घेऊन उघडा उभा राहतो. आणि पर्जन्यवृक्ष! त्याला लोक रेनट्री म्हणतात आणि त्याच्याखाली गाड्या लावतात. त्याचं पानटं नखाएवढं. वाऱ्यानं कण्यांसारखं पसरतं, डांबराच्या भेगेत, गटाराच्या कडेला, गाडीच्या वायपरखाली. खराट्याच्या दोन काड्यांमधून निसटून मागंच राहतं. पाठोपाठ त्याच्या काळ्या चिकट शेंगा, त्या चपलेला लागून घरापर्यंत येतात.

पिंपळाचं निराळं. पिंपळाचं पान सुकलं तरी आकार सोडत नाही, शेपूट वळवून पडतं आणि जरा वारा आला की रस्त्यावरून खरखर करत चालायला लागतं. एका कोपऱ्यावर एकच मोठा पिंपळ होता, त्यानं मला ३१ वर्षांत जेवढं वाकवलं तेवढं कोणी नाही वाकवलं. इकडून तिकडं झाडत जायचं, पाटी हातगाडीत रिकामी करायची, मागं वळून बघायचं, तर झाडलेल्या जागी पुन्हा तेवढीच पानं. मुकादम मागून सायकलवर यायचा आणि म्हणायचा, "बाई, इथं हात लागलेला दिसत नाही." एकदा मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं सायकल इथंच टेकवा." त्यानं टेकवली. पाच मिनिटांत त्याच्या कॅरियरवर सात पानं पडली. मोजली दोघांनी. त्यानंतर त्या कोपऱ्याबद्दल तो कधी बोलला नाही.

आणि याच दिवसांत, खाली जुनं पान पडत असतानाच वर कोवळं तांबूस पान फुटलेलं असतं. ते ऊन अंगावर घेऊन असं चमकतं की वर बघत उभं राहावंसं वाटतं. पण वर बघून पोट भरत नसतं.

तिथं रोज सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त प्राध्यापक होते. झाडांचे. परदेशात काही वर्षं राहून आलेले. मी एकदा वैतागून विचारलं की तुमच्या पुस्तकात ही झाडं एवढी पानं का टाकतात ते लिहिलंय का. ते हातातली काठी टेकून तिथंच उभे राहिले आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलं. म्हणाले, तिकडं लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासांचाही भरत नाही. ऊन आटलं, गारठा आला की झाडाला पान पोसणं परवडत नाही. ते पानातला हिरवा रंग मोडून आत ओढून घेतं, मग दडलेला पिवळा दिसायला लागतो आणि पान गळतं. इथं मुंबईत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि लहान अकराचा. उन्हाला काय तोटा? आपल्याकडं तोटा पाण्याचा. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, जमिनीतली ओल महिन्या-महिन्यानं खाली जाते, आणि पानावाटे तर पाणी उडत असतं. म्हणून आपली झाडं ओल संपत आली की पानं टाकतात. "तिकडची पानगळ थंडीची, बाई, आपली तहानेची," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "म्हणजे पाऊस भरपूर पडून गेल्यावर, सप्टेंबरात, झाड पान कशाला टाकेल?" तर म्हणाले, "हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी विचारायला हवा होता."

तेच म्हणते मी. २३ सप्टेंबरला मुंबईची झाडं पिऊन टम्म असतात. वर्षात सगळ्यात हिरवी. त्या दिवशी पानगळ छापणं म्हणजे पंगत रंगात आली असताना उष्ट्या पत्रावळींचा फोटो छापण्यासारखं आहे.

आता घरात शिरलेल्या फोटोचं सांगते.

नात इंग्रजी शाळेत जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला वहीत 'ऑटम' करायला दिलं. गळून पडलेली पाच पानं गोळा करा, चिकटवा, खाली पाच ओळी लिहा. पोरीनं सोसायटीच्या आवारात शोधलं. दोन पानं मिळाली, तीही कोणीतरी कुंडी हलवताना तुटलेली, हिरवीगार. रडकुंडीला आली. सून कामावरून आठला येते, पोरगा दहाला. मग मीच म्हटलं, रविवारी माझ्या बीटवर चल, तुला झाडं दाखवते.

विक्रोळीहून स्लो पकडली, माटुंग्याला उतरलो. पोरगी पहिल्यांदाच बघत होती की आजी कुठं काम करायची. तिला वाटलं होतं ऑफिस असेल. मी तिला चौकी दाखवली, पिंपळाचा कोपरा दाखवला. पिंपळ नुसता सळसळत होता, एक पान खाली देईल तर शपथ. पर्जन्यवृक्षांखाली सावली इतकी दाट की खाली सकाळचे दहा वाजलेत असं वाटत नव्हतं. काही जुने पर्जन्यवृक्ष आता नाहीत, मधल्या काही वर्षांत पांढरी कीड लागून वाळले. त्यांच्या जागा मला डोळे मिटून सांगता येतात. तिला त्यात काही गोडी नव्हती. ती डोळे खाली लावून पानं शोधत होती. तासाभरात हाती लागलं ते असं : बदामाचं एक पान, अर्धं तांबडं, अर्धं हिरवं, मधे किड्यानं खाल्लेलं. कुठूनतरी उडून आलेली एक झेंडूची पाकळी. आणि सातवीणीची फुलं, ओंजळभर.

सातवीण म्हणजे सप्तपर्णी. एका देठाभोवती पाकळ्यांसारखी सातेक पानं, म्हणून हे नाव. मुंबईत शरद आला हे सांगणारं झाड कोणतं विचाराल तर मी हेच सांगेन. वर्षभर त्याच्याकडं कोणी बघत नाही. आश्विनात रात्रीचा असा वास सोडतं की गल्लीच्या तोंडाशी कळतं. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं उठतं. माझ्या बीटवर एक आजोबा होते, ते ऑक्टोबरभर खिडक्या लावून बसायचे आणि झाड तोडा म्हणून अर्ज लिहायचे. सकाळी खाली हिरवट पांढरी बारीक फुलं सांडलेली असतात, पोह्यासारखी. झाडताना पाटीत गोळा झाली की वास पुन्हा उठतो, आणि साडेसहाच्या हजेरीला रिकाम्या पोटी आलेल्या बाईला तो सोसवत नाही, हेही खरं. नातीनं नाकाला लावली आणि म्हणाली, "आजी, हा वास रात्री आपल्या खिडकीतपण येतो." कन्नमवार नगरात आमच्या इमारतीमागं एक आहे. ती नऊ वर्षांची झाली, आणि तो वास कशाचा ते तिला त्या दिवशी कळलं.

मैदानावर चतुर उडत होते. शेकड्यांनी, डोक्याच्या उंचीवर. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. माझ्या माहेरी म्हणायचे, चतुर खाली आले की पाऊस उठला. यांच्यातली एक जात इथला पाऊस संपताना वाऱ्यावर बसून समुद्रापार आफ्रिकेकडं जाते, असं अभ्यास करणारे सांगतात. मी नातीला ते सांगितलं, तर तिनं विचारलं, "तिकीट?"

परत येताना विक्रोळी स्टेशनबाहेर एक बाई तोरणं विकत बसली होती, दसऱ्याची उरलेली. झेंडू सुकला होता पण मधे भाताच्या लोंब्या गुंफलेल्या, त्या ताज्या दिसत होत्या. माझं माहेर कर्जतच्या पुढं. दसऱ्यापर्यंत हळवं भात पिवळं होतं, गरवं मागून येतं. दसऱ्याला दारावर 'नवं' बांधतात : लोंबी, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल. शरद तो असा दाराला बांधलेला असतो. आणि त्याच दिवसांत आभाळाकडं बघत छातीत धडधड असते, कारण परतीचा पाऊस कापणीवर आला तर आडवं पडलेलं भात पाण्यात राहतं आणि लोंबीलाच मोड येतात. माझ्या बापानं ते मोड नखानं खुडून भाकरीपुरते तांदूळ वेगळे केलेले मी पाहिलेत. मी त्या बाईकडून दहा रुपयांना तोरण घेतलं.

वहीत नातीनं काय केलं बघा. बदामाचं पान चिकटवलं. सातवीणीची फुलं टेपखाली दाबून बसवली. एक लोंबी लावली. आणि खाली इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ तिनं मला सांगितला तो असा, की मुंबईत ऑक्टोबरमध्ये पानं गळत नाहीत, आजीनं ३१ वर्षं झाडून पाहिलंय. शेवटची ओळ तिचीच, मी सांगितलेली नाही.

वही परत आली. लाल शाईनं लिहिलं होतं, पाच पानं कुठं आहेत, पुन्हा करा. बाईंना मी दोष देत नाही. चाळीस वह्या, पुस्तकात तसंच चित्र, त्यांनी तरी काय करायचं. पण पोरगी शहाणी निघाली. रद्दीत तुमचा २३ तारखेचा अंक होता. तिनं तो फोटो कापला, लोंबी आणि फुलं काढली, त्या जागी टोपीवाली मुलगी चिकटवली. दुसऱ्या दिवशी वहीत तारा आला. सोनेरी.

तो तारा खरं तर तुमचा आहे, म्हणून कळवते.

माझं म्हणणं इतकंच की आपल्याकडं शब्द आहेत, ते वापरताना जरा बाहेर बघावं. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. पानगळ शिशिराची, हे माझ्या निरक्षर सासूलाही ठाऊक होतं. 'ऑटम'ला शब्दकोशात 'शरद' लिहिलं म्हणून तिकडची पानं इकडच्या झाडाला लागत नाहीत. एका शब्दाच्या पाठोपाठ अख्खा ऋतू उचलून आणला की मग ती गुलाबी थंडीही येते. दरवर्षी ऑक्टोबरात कुठल्या ना कुठल्या पेपरात 'थंडीची चाहूल' असतेच. ऑक्टोबरात! कधी दुपारी एक वाजता रस्त्यावर उभं राहून बघा.

आमच्या कामात मे महिना परवडला पण ऑक्टोबर नको. मेमध्ये निदान समुद्राचं वारं लवकर सुटतं. ऑक्टोबरात आभाळ एकदम उघडतं, जमीन अजून ओली, तिची वाफ निघते. सकाळी वारा घाटाच्या बाजूनं येतो आणि समुद्राचं वारं पोचायला दुपार उलटून जाते. पारा पस्तीस-छत्तीसला आणि अंगाला घामाची चिकटी. शिवाय पावसात रस्त्याच्या कडेला साचलेला गाळ या दिवसांत वाळतो आणि खराटा लागला की पिठासारखा उडतो. जून ते सप्टेंबर ज्याला आम्ही फावड्यानं ओढायचो, तोच ऑक्टोबरात नाकात जायचा. पदर ओला करून तोंडाला बांधायचा, अर्ध्या तासात तो तपकिरी. शेजारच्या गल्लीत एक वैद्य बसायचे, ते हसत म्हणायचे, शरद ऋतू ही वैद्यांची आई, याच दिवसांत त्यांचं घर चालतं. पित्त, डोकेदुखी, आणि साठलेल्या पाण्यातल्या डासांचे ताप. मला एका आश्विनात मलेरिया झाला, कोजागिरीचं दूध मी गोधडीत पडून प्यायले आणि ओकले. चंद्र मात्र खिडकीतून छान दिसत होता, ते नाकारत नाही.

आणि हे ऊन वाईटच आहे असंही नाही. याच उन्हासाठी बाई चार महिने वाट बघत असते. बुरशी आलेल्या चपला, कुबट वास मारणाऱ्या गोधड्या, ट्रंकेतला एकुलता एक शालू, डाळीचे डबे, सगळ्याला ऊन दाखवायचं असतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या रविवारी दोरीला जागा नव्हती. खिडक्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या उतरल्या, घरात चार महिन्यांनी उजेड आला आणि भिंतीवरची ओल कुठवर चढली ते दिसलं. वेसावे, खारदांड्याला बांबूंवर बोंबील वाळायला लागतात ते याच उन्हात. छापा ना तो फोटो. बोंबलांचा. त्याच्याइतका मुंबईचा शरद दुसरा कोणता?

आता तुम्ही म्हणाल, बाई, ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावर पानं नसतातच का? असतात. एक दिवस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी लोकांनी एकमेकांना सोनं म्हणून दिलेली आपट्याची पानं सकाळी रस्त्यावर असतात, स्टेशनच्या जिन्यावर, बसथांब्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर. त्यातली बरीचशी आपट्याचीही नसतात, कांचनाची असतात. पान तसंच जोडलेलं दिसतं, पण मोठं, मऊ. हातात घेतलं की कळतं. आणि झेंडूचे ढीग. त्या दिवशी हातगाडीच्या चार फेऱ्या जास्त व्हायच्या. मुंबईची ऑक्टोबरातली पानगळ ही एवढीच, आणि ती झाडांनी केलेली नसते. माझ्या जोडीदारणीची एक म्हण होती, ती छापण्याजोगी नाही, पण अर्थ असा की लोकांनी सोनं वाटायचं आणि आपण ते पाटीत भरायचं.

तेव्हा विनंती अशी. पानगळीचा फोटो जरूर छापा, पहिल्या पानावर छापा, रंगीत छापा. फक्त फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात छापा आणि आपल्याकडचा छापा. नातीनं वहीचं ते पान फाडून जपून ठेवलंय, लोंबी आणि फुलं तिच्याकडं पाकिटात आहेत. तुमचा फोटो आला की ती पुन्हा चिकटवणार म्हणते. तुमच्या फोटोग्राफरला फाइव्ह गार्डनला पाठवा. पिंपळाचा कोपरा कोणालाही विचारला तरी दाखवतील. मात्र त्यांना सांगा, सकाळी साडेसहाच्या आत या. आठनंतर आलात तर पान दिसणार नाही, आमच्या बायका झाडून पुढं गेलेल्या असतात.

आपली नम्र,
एक निवृत्त सफाई कामगार
विक्रोळी (पूर्व), मुंबई